घरोघर प्रवास सर्वेक्षण (नागपूर)

घरोघर प्रवास सर्वेक्षण : शहरातील निवडक कुटुंबांना भेटून, घरातील प्रत्येक माणूस नेमलेल्या दिवशी कोठून कोठे, कशासाठी, किती वाजता आणि कशाने गेला याची नोंद करणारी पाहणी. चौकात उभे राहून वाहने मोजता येतात. पण त्यांतली माणसे कोठली, कशाला निघाली आणि घरी कोण राहिले हे कळायला घरीच जावे लागते. बसमार्ग, उड्डाणपूल, मेट्रो यांच्या आराखड्यांतील प्रवासीसंख्येचे अंदाज बहुधा या पाहणीवर बेतलेले असतात.

पद्धतीचा उगम अमेरिकेतला, याबद्दल दुमत नाही; आरंभ कोणत्या वर्षापासून धरायचा याबद्दल आहे. १९३४ च्या हेडन-कार्टराइट कायद्याने महामार्ग निधीचा दीड टक्का पाहण्या व नियोजनासाठी वापरण्याची मुभा दिली, म्हणून काही जण तेथून सुरुवात मानतात. पण त्या पाहण्यांचा भर ग्रामीण रस्ते व मोटारमालक यांच्यावर होता. १९४४ च्या संघीय महामार्ग कायद्याने शहरी रस्त्यांसाठी पैसा उपलब्ध झाला आणि त्याच सुमारास टल्सा, लिटल रॉक, न्यू ऑर्लीन्स आदी शहरांत नमुना निवडून घरोघरी मुलाखती घेण्यात आल्या; दुसरा पक्ष येथून आरंभ धरतो. तिसरा पक्ष डेट्रॉइट (१९५३ पासून) व त्यापाठोपाठ शिकागो येथील अभ्यासांना मान देतो. जे. डग्लस कॅरोल यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासांनी घरांतून मिळालेली माहिती जमीनवापराशी जोडून भविष्यातील फेऱ्यांचे गणित मांडले. माहिती गोळा करण्याचे तंत्र म्हणून १९४४ आणि नियोजनाचे साधन म्हणून डेट्रॉइट, अशी विभागणी अधिक ग्राह्य वाटते. लंडनची मोठी पाहणी १९६२ मधली. भारतात दिल्लीसाठी केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने १९६९ मध्ये असे काम केले. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००५ ते २००८ मधील अभ्यासात सुमारे ६६,००० कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानंतर शहरोशहरी सर्वंकष गतिशीलता आराखडे (संपूर्ण शहराच्या वाहतुकीचे नियोजन) होऊ लागले आणि नागपूरसारख्या शहरांत ही पाहणी नियमित कामाचा भाग झाली.

नमुना किती घरांचा घ्यावा यावर बरीच चर्चा झाली आहे. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत अजून दिसणारा जुना अमेरिकन तक्ता पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावाला पाचांत एक घर सांगतो आणि दहा लाखांवरच्या शहराला पंचविसांत एक. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या २४,०५,६६५. कुटुंबे पाच लाखांच्या घरात धरली, तर या तक्त्याप्रमाणे वीस हजार दारे वाजवावी लागतील. भारतातील सध्याचा प्रघात साधारण एका टक्क्याच्या आसपासचा, म्हणजे पाच हजार घरांचा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नाही, कारण अंदाजाची अचूकता नमुना शहराच्या किती टक्के आहे यापेक्षा तो प्रत्यक्षात किती मोठा आहे यावर ठरते. दहा टक्के कुटुंबे एखादी गोष्ट करीत असतील, तर पाच हजार घरांच्या यादृच्छिक नमुन्यातून तो आकडा सुमारे ०.८ टक्क्याच्या फरकाने मिळतो. अडचण निराळीच आहे. शहराचे पाहणीसाठी दीडशे लहान भाग (वाहतूक विभाग) पाडले की कोठून-कोठे या कोष्टकात २२,५०० चौकटी होतात. पाच हजार घरांतून पंचवीस हजार फेऱ्या नोंदल्या गेल्या तरी चौकटीमागे जेमतेम एक फेरी येते. मानेवाड्याहून वाडीला रोज किती लोक जातात, हे अशा नमुन्यातून थेट सांगता येत नाही. म्हणून पाहणीतून फक्त फेऱ्या कशा निर्माण होतात याचे दर काढतात (दुचाकी असलेल्या चार माणसांच्या घरातून किती, वाहन नसलेल्या घरातून किती) आणि विभागांमधली वाटणी गुरुत्व प्रारूपावर (विभाग जितके मोठे व जवळ, तितक्या त्यांच्यातल्या फेऱ्या जास्त, असे मानणाऱ्या गणितावर) सोपवतात. आराखड्यात छापलेले कोष्टक हे मुख्यतः त्या प्रारूपाचे अपत्य असते, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

फेरी म्हणजे एका कामासाठी केलेला एकेरी प्रवास. घरून ऑटोने मेट्रो स्थानक, तेथून सीताबर्डी आणि पुढे पायी दुकान, ही तीन टप्प्यांची एकच फेरी. उलट नंदनवनातली एखादी गृहिणी मुलाला शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन घरी आली, तर त्या तीन फेऱ्या. प्रगणकाच्या तक्त्यात मात्र अनेकदा ‘शाळा, जाणे-येणे’ एवढेच उतरते, आणि भाजीबाजार गळतो. घरातल्या कर्त्या पुरुषाने सगळ्यांच्या वतीने उत्तरे दिली की गळती आणखी वाढते. स्वतःच्या ऑफिसची वेळ त्याला मिनिटागणिक ठाऊक असते, बायको दुपारी कोठे गेली होती हे नसते. पायी जाण्याच्या आणि कमी अंतराच्या फेऱ्या यामुळे कमी दिसतात व दुचाकीचा वाटा आहे त्याहून मोठा भासतो. प्रगणकाला प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलण्याची सक्ती करणे, एवढाच यावरचा खात्रीचा उपाय.

पाहणीचा दिवस ‘नेहमीचा कामाचा दिवस’ असावा असा दंडक आहे. नागपुरात तो शोधावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, शाळा-कॉलेजे बंद आणि भर दुपारी रस्ते ओस. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत मिरवणूक, डिसेंबरातील हिवाळी अधिवेशन व विधानभवनाकडे निघणारे मोर्चे हे दिवस वगळावेच लागतात. पावसाळा सरल्यानंतरचे आणि अधिवेशनानंतर परीक्षांपूर्वीचे आठवडे त्यातल्या त्यात सोयीचे.

घरोघरी मिळालेली उत्तरे खरी किती, हे पडताळण्याची सोय नागपूरला भूगोलाने दिली आहे. शहरातून उत्तर-दक्षिण जाणारा लोहमार्ग महाल, इतवारी, गांधीबाग या जुन्या वस्त्या एका अंगाला आणि सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ दुसऱ्या अंगाला करतो. तो ओलांडण्याच्या जागा मोजक्या : रामझुला, लोखंडी पूल, अजनी पूल, मनीषनगर आणि आणखी काही. अशा रेषेला छेदरेषा म्हणतात. या साऱ्या जागी दिवसभर माणसे व वाहने मोजायची आणि नमुना संपूर्ण शहराइतका फुगवून आलेल्या, रूळ ओलांडणाऱ्या फेऱ्यांशी ती बेरीज ताडून पाहायची. पाहणीचा आकडा बराच कमी भरला तर फेऱ्या गळल्या असे समजून गुणक वाढवतात. सगळ्याच फेऱ्यांना एकच गुणक लावण्याची सोपी चाल टाळलेली बरी. रूळ ओलांडणाऱ्या फेऱ्या लांब पल्ल्याच्या व बहुधा वाहनाच्या असतात. गळलेल्या फेऱ्या मात्र गल्लीतल्या असतात, त्या या रेषेवर दिसतच नाहीत. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी नाग नदी ही दुसरी छेदरेषा होऊ शकते, पण तिच्यावरचे लहान पूल इतके आहेत की मोजणी खर्चिक पडते.

नागपूर मेट्रोची सीताबर्डी-खापरी वाहतूक मार्च २०१९ मध्ये सुरू झाली व पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाला. मेट्रो नसलेल्या शहरात ‘काल कशाने गेलात’ असे विचारून मेट्रोचा वाटा कळत नाही. त्यासाठी ‘एवढे भाडे व एवढा वेळ असेल तर जाल का’ असा काल्पनिक निवडीचा प्रश्न पुरवणी म्हणून जोडतात. अशा प्रश्नाला होकार सहज मिळतो आणि अंदाज फुगतो, हा जगभरचा अनुभव आहे. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा व ट्रान्सपोर्ट नगर या दिशांना जाणाऱ्या ४३.८ किमी.च्या दुसऱ्या टप्प्याच्या बाबतीत प्रत्यक्ष मेट्रो वापरणारी घरे शहरात आहेत, ही जमेची बाजू.

शहराबाहेरचे लोक या पाहणीत येत नाहीत. मेडिकल व मेयो रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडातून येणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक, कळमन्याच्या घाऊक बाजारात माल आणणारे शेतकरी यांची नोंद हद्दीवरील नाक्यांवर व बसस्थानकांवर वेगळी घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर व साधन विचारले होते, पण ते शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपुरतेच. शाळा, बाजार, दवाखाना त्यात नाहीत.

उपग्रहाधारित स्थाननोंदीचा प्रयोग १९९६ मध्ये लेक्सिंग्टन (केंटकी) येथे झाला. विसरलेल्या फेऱ्या त्यात सापडतात. मोबाइल कंपन्यांच्या निनावी नोंदींतून मोठ्या प्रमाणावर हालचाल दिसते, परंतु प्रवासाचे कारण, सोबतची माणसे व घरातले वाहन कळत नाही. एक फोन घरभर फिरत असेल तर तो कोणाचा प्रवास हेही नाही. त्यामुळे लहान नमुन्याच्या मुलाखती आणि फोनच्या नोंदी एकत्र वापरण्याकडे अलीकडचा कल आहे.