प्रोसेसरसाठी वेगळा एअर कूलर घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उन्हाळा सुरू झाला की आमच्या दुकानात एकाच प्रकारच्या अडचणी घेऊन येणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढते. ऑनलाइन मागवलेला टॉवर कूलर (धातूच्या पातळ पात्यांचा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा) प्रोसेसरवर नीट बसतो, पंखाही फिरतो, परंतु कॅबिनेटचा बाजूचा पॅनल काही केल्या लागत नाही. अशा वेळी बहुधा कूलरमध्येही दोष नसतो आणि कॅबिनेटमध्येही नसतो. फक्त खरेदीपूर्वी दोघांचे माप ताडून पाहिलेले नसते. पेस्ट (कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावायचा उष्णतावाहक लेप) लागलेला आणि खोका फोडलेला कूलर परत घेण्यास विक्रेते सहसा तयार नसतात. त्यामुळे कूलर मागवण्याआधी पुढील माहिती वाचावी, ही विनंती.

उंची म्हणजे नेमकी कोणती उंची

कॅबिनेट दीड फूट उंच दिसते, म्हणून सोळा सेंटिमीटरचा कूलर त्यात सहज मावेल असा समज होतो, आणि घोटाळा तेथेच होतो. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये उभा बसवलेला असल्यामुळे टॉवर कूलर प्रत्यक्षात आडवा राहतो. म्हणजेच कूलरच्या खोक्यावर छापलेली ‘उंची’ कॅबिनेटच्या रुंदीत मावावी लागते. त्या रुंदीतूनही मदरबोर्डच्या मागची वायरिंगची जागा, मदरबोर्ड ज्यांवर बसतो ते पितळी स्टँडऑफ, खुद्द मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांनी व्यापलेली जागा वजा होते. त्यामुळे २०० मिमी रुंदीच्या कॅबिनेटमध्ये कूलरसाठी बहुधा १५५ ते १६० मिमीच जागा उरते आणि त्याहून अरुंद, स्वस्त कॅबिनेटमध्ये आणखी कमी.

कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची स्वतंत्र दिलेली असते व तोच आकडा प्रमाण मानावा. उदाहरणार्थ, कॉर्सेअर ४०००डी या कॅबिनेटसाठी तो १७० मिमी आहे, त्यामुळे १६५ मिमी उंचीचा नॉक्टुआ एनएच-डी१५ त्यात बसतो. डीपकूल एके४०० हा १५५ मिमीचा, तर थर्मलराइट असॅसिन एक्स १२० एसई हा १४८ मिमीचा आहे. हा सात मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण पॅनल लागणे किंवा न लागणे अनेकदा तेवढ्यावरच ठरते.

कॅबिनेट जुने असेल आणि त्याची माहिती कुठे मिळत नसेल, तर घरीच मोजता येते. संगणक बंद करून पॉवरची वायर काढावी, कॅबिनेट मदरबोर्ड जमिनीला समांतर येईल असे आडवे ठेवावे आणि डावा पॅनल काढावा. कॅबिनेटच्या दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी टेकवून तिच्या खालच्या कडेपासून मदरबोर्डच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. प्रोसेसरचा माथा मदरबोर्डच्या साधारण सात-आठ मिमी वर असतो, म्हणून त्यातून ८ मिमी वजा करावेत आणि आणखी ३ मिमी मोकळीक सोडावी. अंतर १७० मिमी आले, तर १५९ मिमीपर्यंतचा कूलर निर्धास्त घ्यावा. पॅनलला आतून पंखा लावलेला असल्यास त्याच्या जाडीचे २५ मिमी वेगळे वजा करावेत. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

रॅमचाही येथे संबंध येतो, कारण तिच्या पट्ट्या प्रोसेसरच्या शेजारीच असतात. रॅमवर उंच, दिव्यांची पट्टी असेल, तर कूलरचा समोरचा पंखा तिला अडतो आणि क्लिपांवर वर सरकवून बसवावा लागतो. तो जितका वर सरकेल तितकी कूलरची एकूण उंचीही वाढते. कॉर्सेअरची व्हेंजन्स एलपीएक्स रॅम ३४ मिमीची आहे, तर त्याच कंपनीची व्हेंजन्स आरजीबी प्रो ५१ मिमीची. दुसऱ्या प्रकारची रॅम असल्यास कूलरची छापील उंची गृहीत धरू नये.

मुळात गरज आहे का

कार्यालयीन काम, टॅली, ऑनलाइन वर्ग एवढ्यासाठी प्रोसेसरसोबत आलेला कूलर पुरतो, आणि विक्री बुडाली तरी आम्ही तसे स्पष्ट सांगतो. मात्र प्रोसेसरच्या खोक्यावरील ६५ वॅट या वीजवापराच्या आकड्यावर विसंबू नये. कोअर आय५-१२४०० आणि कोअर आय७-१२७०० या दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी पूर्ण जोरात पहिल्याची मर्यादा ११७ वॅट आणि दुसऱ्याची १८० वॅट आहे. दुसऱ्यावर व्हिडिओ रेंडरिंग करायचे असेल तर सोबतचा कूलर अपुरा पडतो. इंटेलच्या ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरबरोबर तसेच रायझन ७ ५७००एक्स किंवा रायझन ५ ७६००एक्स यांच्याबरोबर कूलर मिळतच नाही.

आय५ आणि रायझन ५ वर्गातील प्रोसेसरसाठी चार हीट पाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिमीच्या एका पंख्याचा टॉवर कूलर पुरेसा असतो. दुहेरी टॉवरचा आग्रह बहुतेक ग्राहक हौसेपोटी धरतात, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा उरलेल्या पैशांतून कॅबिनेटला समोरून हवा खेचणारा पंखा घेतल्यास फरक अधिक जाणवतो.

चाचण्यांचे व्हिडिओ पाहताना हेही लक्षात घ्यावे की, एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. एखाद्या व्हिडिओतील खोली २२ अंशांची असते, तर मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना घरातली खोली सहज ३७ अंशांची होते. मग तोच कूलर, त्याच कामावर साधारण तेवढेच म्हणजे पंधरा अंश अधिक दाखवणार. यात कूलरची फसवणूक नाही. रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशा बेतानेच बनवलेले आहेत. डेझर्ट कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर थेट सोडू नये, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षार आत जातात.

सॉकेट आणि ब्रॅकेट

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा. इंटेल प्रोसेसरच्या दहाव्या-अकराव्या पिढीपर्यंत तिच्याभोवतीच्या, कूलर बसवण्याच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिमी होते. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० सॉकेटपासून ते ७८ मिमी झाले. त्यामुळे जुना कूलर नव्या मदरबोर्डवर वापरायचा असेल तर नवे ब्रॅकेट (कूलर मदरबोर्डला अडकवणारी पट्टी) लागते. त्यानंतरच्या एलजीए १८५१ सॉकेटला तेच ब्रॅकेट चालते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून एएम५ सॉकेटवर येताना बहुतेक कूलर चालतात, पण ज्या कूलरला स्वतःची बॅकप्लेट (मदरबोर्डच्या मागून लावायची आधारपट्टी) लागते तो चालत नाही, कारण एएम५ ची मूळ बॅकप्लेट काढता येत नाही. आम्हाला केवळ प्रोसेसरचे नाव न सांगता मदरबोर्डचेही मॉडेल सांगावे.

आमच्या फिटिंगबद्दल

बाहेरून घेतलेल्या कूलरसाठी आम्ही फिटिंगचे शुल्क घेतो आणि दुकानातून घेतलेल्या कूलरसाठी घेत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. चार स्क्रू पिळण्याचे एवढे पैसे कसले, असे विचारले जाते. बॅकप्लेटसाठी अनेक कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढावा लागतो, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागते, आणि काम झाल्यावर आम्ही पॅनल लावून संगणक भाराखाली चालवून तापमान पाहतो. पॅनल उघडा ठेवून संगणक आम्ही परत देत नाही. पॅनलला कापून खिडकी करून देण्याची विनंतीही कृपया करू नये. दुकानात आम्ही १५५ मिमीच्या आतले कूलरच अधिक ठेवतो आणि माप आणल्यास तुमच्या कॅबिनेटला बसेल तोच देतो.

एएम४ मदरबोर्डवरील जुना कूलर घरी सरळ वर ओढून काढू नये. पेस्ट वाळलेली असल्यास प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरबरोबर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून, बंद करून, कूलर गरम असतानाच हलके डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा, किंवा तसाच दुकानात आणावा. दुचाकीवरून आणताना कॅबिनेट आडवे, मदरबोर्डची बाजू खाली राहील असे ठेवावे, म्हणजे कूलरचे वजन बोर्डावर लोंबकळत नाही. नव्या कूलरच्या खोक्यातील स्क्रूंची पिशवी, ब्रॅकेट आणि पेस्टची नळी सोबत आणावी. केवळ कूलर आणल्यास काम त्याच दिवशी होत नाही. येण्यापूर्वी फोटो पाठवायचा असेल तर पॅनल काढून, आत मोजपट्टी उभी धरून काढावा. काचेच्या पॅनलमधून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांचा फोटो सुंदर असतो, पण त्यावरून आम्हाला मिलिमीटर मोजता येत नाहीत.