रॉडवर काय लिहिलंय, रीलच्या आत काय चाललंय
हौशी मासेमारांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक, इंदूर

दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "अगदी असाच सेट द्या." मोबाईलवर अमेरिकेतला तलाव असतो आणि पाण्याबाहेर उसळलेला, तोंड वासलेला बास मासा. सेट आम्ही देतो, दुकानच त्यासाठी आहे. पण हा बास माळव्यात कुठेही नाही. त्याच्यासाठी बनवलेलं सामान आपल्याकडे कुठे चालतं आणि कुठे नाही हे माहीत असेल तर पैसे वाचतात. आणि वाचलेल्या पैशापेक्षाही रील, म्हणजे रॉडवर बसणारं, दोरी (लाईन) गुंडाळायचं यंत्र, जास्त वाचते. पत्रकाचा बराचसा भाग तिच्याबद्दलच आहे, कारण आमच्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या रील्स वापराने झिजलेल्या कमी आणि निगा न राखल्याने बिघडलेल्या जास्त असतात.

बास नाही, मरळ आहे

लार्जमाऊथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. १९२५ साली तो जपानच्या आशी सरोवरात सोडला गेला आणि पुढे देशभर पसरला. तिथल्या देशी माशांवर त्याने अशी संक्रांत आणली की आता जपानी कायद्यात तो उपद्रवी परदेशी जातींत मोडतो. (त्यामुळे "चार पिल्लं आणून आपल्या तळ्यात सोडली तर?" हा प्रश्न कृपया आम्हाला विचारू नका.) शौक मात्र तिथे जबरदस्त रुजला. जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात धरलेला २२ पौंड ४ औंसांचा बास कितीतरी वर्षं विक्रमी राहिला, आणि त्याची बरोबरी झाली ती २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात. वजन साधारण दहा किलो. शिमानो, दाइवा या जपानी कंपन्यांच्या इतक्या रॉड्सवर बासचं नाव का असतं, ते यावरून कळेल.

बासची सवय अशी: पाणवनस्पतीत किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि जवळून काही गेलं की झडप घालायची. आपल्याकडे हुबेहूब हेच मरळ करते. म्हणून बासचे बेडूक-लुअर (बेडकाच्या आकाराची नकली आमिषं), गवतात न अडकणारे हुक आणि कडक रॉड मरळीला चपखल बसतात. वर मरळीची आणखी एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. तिला हवेतला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. कमळाच्या पानांत कुठे बुडबुडा फुटला की नेमकी त्याच जागेवर लुअर आदळू नका. हातभर पलीकडे टाकून हळू ओढत आणा. बेडकावर झडप पडली की लगेच हिसका देऊ नका, लाईनला वजन लागू द्या आणि मग हिसका द्या.

रोहू, कटला, मृगल यांना मात्र हे सामान लावू नका. ते पिठाच्या गोळीवर येतात, त्यांची तोंडं मऊ असतात आणि कडक रॉडच्या हिसक्याने हुक फाटून निघतो. त्यांच्यासाठी मध्यम ताकदीचा लवचिक रॉड आणि १२ ते १५ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाची ओढ पेलणारा) नायलॉन पुष्कळ झाला.

रॉड: मुठीच्या वरची ती बारीक अक्षरं

मासा किती मोठा मिळेल या हिशेबाने रॉड घेऊ नका. तुम्ही टाकणार त्या लुअरच्या वजनावरून घ्या. मुठीच्या थोडं वर छापलेलं असतं: लांबी ७ फूट, लुअर १/४ ते ३/४ औंस, लाईन १० ते १७ पौंड. औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे हा रॉड साधारण ७ ते २१ ग्रॅमचं लुअर नीट फेकेल. त्यावर ३ ग्रॅमचं लुअर लावलं तर रॉड वाकतच नाही आणि लुअर पायाशी पडतं. ५० ग्रॅमचं लावून जोरात फेकलं तर टोक मोडायची भीती. मग लोक म्हणतात, रॉडच खराब निघाला.

ताकद आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती ताकद: लाईट, मीडियम, मीडियम-हेवी वगैरे. वाक कुठून सुरू होतो ती ॲक्शन: फास्ट म्हणजे फक्त शेंड्याजवळ, स्लो म्हणजे पार मुठीपर्यंत. गवतातून मरळ बाहेर काढायला साडेसहा-सात फुटी मीडियम-हेवी, फास्ट रॉड घ्या. एकच रॉड घ्यायचा असेल आणि कशावर वापराल ते ठरलं नसेल, तर मीडियम घ्या आणि दुसऱ्या वर्षी आमच्याकडे परत या.

जुना रॉड आणलात तर आम्ही आधी त्याच्यावरच्या, लाईन ओवायच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवतो. कापसाचा धागा अडकला म्हणजे कडीच्या आतल्या चिनी मातीला तडा गेलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तीच तड तुमची लाईन प्रत्येक फेकीला कापत असते. हे घरीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

लाईन

नायलॉन ताणला जातो. ते मऊ तोंडाच्या माशाला बरं, लांबवरच्या हिसक्याला वाईट. उन्हाने तो कुजतो, म्हणून वर्षाला बदला. ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली लाईन, जवळजवळ ताणलाच जात नाही आणि पाण्यावर तरंगतो. गवतात बेडूक ओढायला ३० ते ४० पौंडी ब्रेडला तोड नाही. मात्र ब्रेड कोऱ्या स्पूलवर (रीलच्या ज्या रिळावर लाईन गुंडाळतात त्यावर) थेट गुंडाळलात तर माशाच्या ओढीने सगळा गुंडा स्पूलभोवती गरागरा फिरतो आणि तुम्हाला वाटतं की ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाईन सुटू देणारा ब्रेक, गेला. खाली थोडा नायलॉन गुंडाळा, त्यावर ब्रेड. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो. तो लुअरजवळच्या पुढच्या तुकड्यापुरता ठेवा, सगळं स्पूल भरण्यात अर्थ नाही. गाठ कुठलीही असो, आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथेच तुटते.

स्पूल काठापासून दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरा. गच्च भरलं की वेटोळी आपोआप उडतात, कमी भरलं की फेक आखूड पडते.

रील म्हणजे गिरणीचं बॉबिन

इंदूरच्या माणसाला स्पिनिंग रील समजवायला वेळ लागू नये. १९०५ मध्ये तिचं पेटंट घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा लोकर गिरणीवाला होता. गिरणीतल्या बॉबिनसारखंच: स्पूल स्थिर, त्याच्या तोंडावरून धागा सुटतो. मालवा मिल किंवा हुकमचंद मिलमध्ये ज्यांचे आजोबा होते, त्यांच्या घरी हे सांगावं लागणार नाही.

यातूनच एक गोष्ट निघते, जी फारच कमी लोक पाळतात. मासा लाईन ओढत असताना, ड्रॅग करकरत असताना हँडल फिरवू नका. लाईन आत येत नसते, पण रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला लाईनला एक पीळ पडतो. रीलवर ६.२:१ लिहिलं असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे सहाच्या वर फेरे होतात. घाबरून दहा वेळा हँडल फिरवलं की साठ पीळ. मग पुढच्या फेकीला गुंता होतो आणि दोष लाईनवर येतो. पीळ पडलाच असेल तर वाहत्या पाण्यात हुक, लुअर सगळं काढून नुसती लाईन खाली पन्नासेक मीटर सोडा, थोडा वेळ धरून ठेवा आणि बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्या. फेकीनंतर बेल (लाईन स्पूलवर घेणारी तारेची कमान) हाताने बंद करायची सवय लावली तरी बराच पीळ टळतो.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. घरातला स्प्रिंगचा काटा हुकाला अडकवा, रॉड तिरपा धरून ओढा. लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश वजनाला ड्रॅग सुटला पाहिजे. १२ पौंडी लाईन साधारण साडेपाच किलोची, म्हणजे ड्रॅग दीड किलोच्या आसपास.

बेटकास्टर रील (जिचं स्पूलच फिरतं ती) घेणाऱ्यांसाठी एवढंच: स्पूलच्या बाजूची कळ अशी आवळा की सोडलेलं लुअर सावकाश उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. चुंबकी ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा. बाकी सगळं अंगठा शिकवतो, आम्ही नाही.

निगा: तेल कुठे, ग्रीस कुठे

समुद्रावर मीठ रील खातं. आपल्याकडे ते काम काळी माती आणि नर्मदेची रेती करते. मासा सोडवायला रॉड क्षणभर वाळूवर आडवा ठेवला, इतकंच पुरतं. रेतीचा कण हँडलच्या फटीतून आत गेला की ग्रीसमध्ये मिसळून गिअरच्या दातांना कानस लावतो. रॉड झाडाला टेकवा, पिशवीवर ठेवा, वाळूवर मात्र नको.

घरी आल्यावर आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाही. मग ओल्या फडक्याने पुसा, फार तर नळाची बारीक धार सोडा. बादलीत बुडवू नका आणि गाडी धुण्याच्या पाइपचा फवारा तर अजिबात नको, त्याने घाण आतच ढकलली जाते. सावलीत वाळवा आणि शेवटी ड्रॅग सैल करून ठेवा. आवळलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तर चकत्या चिकटतात आणि मोसमातला पहिलाच चांगला मासा लाईन तोडून जातो.

जोरात फिरतं त्याला तेल आणि दाबाखाली दातात दात घासतात त्याला ग्रीस, एवढं लक्षात ठेवा. हँडलची मूठ, बेलचे सांधे, लाईन रोलर यांना एकेक थेंब तेल. मोठा गिअर आणि पिनियन (त्यात अडकणारा छोटा गिअर) यांना ग्रीसचा पातळ हात. हँडल उलटं फिरू न देणारं जे बेअरिंग आत असतं, त्याला ग्रीस लागता कामा नये. लागलं की रुळ चिकटतात आणि मासा ओढताना हँडल खटकन मागे जातं. घरी सर्व्हिस केलेल्या रीलचा हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे.

लाईन रोलर म्हणजे बेलच्या टोकाची, लाईन जिच्यावरून वळते ती छोटी चकती. रीलमधला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तपासायचं असं: बेल बंद करा, लाईन रोलरवर घेऊन थोडी ओढून धरा, हँडल सावकाश फिरवा आणि चकतीकडे बघा. तिच्यावर पेनाने ठिपका काढला असेल तर तो फिरताना दिसला पाहिजे. ठिपका जागचा हलत नसेल तर लाईन चकतीवर घासते आहे. थोड्या दिवसांत तिथे केसाएवढी खाच पडते आणि ब्रेडला कापसासारखे तंतू सुटतात. एक स्क्रू काढला की रोलर हातात येतो. तो काढण्यापूर्वी खाली स्टीलची ताटली ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा, कारण आतली बारीक वॉशर कुठल्या बाजूला होती हे नंतर आठवत नाही.

घरातल्या तेलांबद्दल. खोबरेल तेल इंदूरच्या डिसेंबरात गोठतं आणि रीलमध्येही गोठतं. सरसूचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला छान, पण ते आतलं ग्रीस पातळ करून धुऊन नेतं. ते मारल्यावर रील चार दिवस मऊ चालते आणि मग खरखरू लागते. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालेल, फक्त तेलाच्या जागी, ग्रीसच्या जागी नाही. ड्रॅगच्या कार्बन चकत्यांना फक्त ड्रॅगचंच ग्रीस लावा. त्याची छोटी डबी आमच्याकडे मिळते, पण एकट्याला सगळी लागणार नाही. दोघा-तिघांत मिळून घ्या.

मे महिन्यात सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. मऊ रबरी लुअर वितळतात, आणि त्यांच्या डब्यात कडक प्लॅस्टिकचं लुअर असेल तर त्याचाही रंग विरघळून चिकटतो. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

पाण्यावर जाण्यापूर्वी

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याभोवती पहारा देते. पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसला तर बंदी उठलेली असली तरी तिथे लुअर टाकू नका, आईबाप गेले की पिल्लांना बाकीचे मासे खातात. महाशीर हा आपल्या राज्याचा मासा. लागलाच तर पाण्यातच हुक काढून सोडा. त्यासाठी हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवलेला बरा.

धरणं, तलाव बहुधा ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा ठेकेदार किंवा मच्छीमार सोसायटीला आधी विचारा. शिंगाड्याच्या तळ्यात पीक उभं असताना उतरू नका. सिरपूर आणि यशवंत सागर हे इंदूरचे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेले, ते पक्ष्यांसाठी. तुटलेली लाईन झाडाझुडपांत सोडून आलात तर बगळ्यांचे पाय तीत अडकतात. तुकडे खिशात घालून आणा, दुकानात त्यासाठी डबा ठेवला आहे.

बंदीचे दोन महिने आम्ही सर्व्हिसिंगसाठी मोकळे असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र एकच गर्दी उसळते, म्हणून जूनमध्येच आणा. लाईन काढून आणू नका, ती कशी गुंडाळली आहे यावरूनही बिघाड कळतो. आणि रील उघडून बसलात आणि जुळेना, तर सगळे स्क्रू एका पिशवीत घालून तशीच आणा. रागावणार नाही.