कँटोनीजमधला राजेशाही 'मी' आला कुठून?

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधे बोलल्या जाणाऱ्या कँटोनीजमधे साधा रोजचा 'मी' म्हणजे 'ङो', पण हाँगकाँगमधे मित्रांत कुणी "जमला भूक लागलीय" असं म्हटलं की हशा ठरलेला, कारण 'जम' हा सम्राटाचा 'मी'. आपल्याकडे 'अस्मादिक' म्हटल्यावर जी मजा येते ना, तीच, फक्त यामागं अख्खं साम्राज्य आहे.

आणि गंमत बघा, 'जम' हा शब्द आधी राजाचा नव्हताच! छू युआन हा जुना कवी आपल्या कवितेत स्वतःच्या वडिलांबद्दल सांगताना 'माझे' या अर्थी हाच शब्द वापरतो, आणि तो काही राजा नव्हता. पुढं इ.स.पू. 221 मधे छिन शी ह्वांगनं चीनमधली सगळी राज्यं जिंकली, पहिला सम्राट झाला आणि हा 'मी' स्वतःसाठी राखून ठेवला, बाकी कुणी वापरायचाच नाही. 1912 ला शेवटचा सम्राट पायउतार होईपर्यंत तो सिंहासनाचाच राहिला.

मला त्याहून भारी वाटतो तो 'ग्वा-यन'. अर्थ काय तर सद्गुणात कमी पडणारा माणूस, आणि असं स्वतःला कोण म्हणायचं, तर राजे! मेन्शियस या जुन्या चिनी तत्त्वज्ञाशी बोलताना ल्यांग राज्याचा राजा ह्वेई हेच म्हणतो. पण ही नम्रता फक्त राजांनाच शोभायची, त्यामुळं हळूहळू तीच रुबाबाची खूण झाली.

राजे गेले तरी शब्द टिकले ते कँटोनीज ऑपेरामुळं, आणि नंतर सिनेमा आणि टीव्हीमुळं. हाँगकाँगचं टीव्हीबी चॅनल 1967 ला सुरू झालं आणि त्यावरच्या ऐतिहासिक मालिकांतून हे सगळं घराघरात पोचलं. विधवा राजमाता स्वतःला 'ओय-गा' म्हणजे शोकाकुल बाई म्हणवते, म्हातारा भिक्षू 'लोउ-नाप' म्हणतो. 'बुन सिऊ-जे' म्हणजे आम्ही बाईसाहेब, मग "बुन सिऊ-जे आज भांडी घासणार नाहीत" हे वाक्य किती छान बसतं!

दरबाराबाहेरचे नम्र 'मी' पण आहेत. 'ज़ोय-हा', म्हणजे आपल्यापेक्षा खालचा, हा आता तलवारबाजीच्या गोष्टीतलाच वाटतो. पण 'सिऊ-दय', म्हणजे धाकटा भाऊ, हा अजून चालतो, अनोळखी लोकांकडं मदत मागताना पुरुष अर्धवट गंमतीत आणि अर्धवट खरोखरच्या अदबीनं लिहितात.