झटके (आकडी) : प्रकार व परिचर्येतील ओळख

मेंदूतील चेतापेशींच्या अचानक, एकवटलेल्या व अतिरिक्त विद्युत्-क्रियेमुळे काही काळ दिसणारी लक्षणे म्हणजे झटका. डॉक्टर येईपर्यंत तो बहुधा ओसरलेला असतो. म्हणून परिचारिकेने पाहून लिहिलेले वर्णन निदानात मोलाचे ठरते.

वर्गीकरण : अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८१ च्या मांडणीत आंशिक (मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या) झटक्यांचे ‘साधे’ व ‘जटिल’ असे भेद होते. २०१७ मध्ये त्यांना फोकल म्हटले गेले व ‘भान’ हा निकष आला. म्हणजे झटक्यात काय घडले ते रुग्णाला नंतर आठवते का. २०२५ च्या सुधारणेत त्याऐवजी ‘शुद्ध’ हा निकष घेतला असून त्यात भानाबरोबर प्रतिसादही मोजला जातो. वॉर्डात नवी मांडणी अधिक उपयोगी दिसते, कारण प्रतिसाद त्याच क्षणी तपासता येतो. त्यासाठी रुग्णाला नावाने हाक मारावी, ‘हात वर करा’ असे सांगावे, ‘पिवळा’ यासारखा एक शब्द ऐकवावा आणि सावध झाल्यावर तो विचारावा. वाचाकेंद्र बाधित असल्यास समजूनही बोलता येत नाही. तेव्हा उत्तर आले नाही एवढ्यावरून शुद्ध हरपल्याचे लिहू नये.

फोकल झटका व ॲबसेन्स (काही सेकंद शुद्ध हरपण्याचा झटका) यांत गल्लत नेहमीची. दोन्हींत रुग्ण टक लावून पाहतो. ॲबसेन्समध्ये मूल वाक्याच्या मध्येच थांबते, पापण्या फडफडतात आणि सुमारे १० सेकंदांत ते कामाला लागते. मागे गोंधळ उरत नाही. फोकल झटका बहुधा अर्धा ते दोन मिनिटे चालतो. आधी पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते, मग ओठ चाटणे, चादर चाचपणे दिसते व नंतर गोंधळ राहतो. एका हाताच्या बोटांपासून दंडाकडे सरकणारे झटके हेही फोकलच. त्यानंतर त्या बाजूला तात्पुरता लुळेपणा येऊ शकतो. तो पक्षाघात समजला जाण्याची शक्यता असते.

टॉनिक-क्लोनिक झटक्यात कधीकधी किंकाळी, मग १०–२० सेकंद ताठरपणा व निळसरपणा, त्यापुढे लयबद्ध झटके येतात. थांबत येताना त्यांच्यातील अंतर वाढते. एकूण अवधी साधारण १–३ मिनिटे. सुरुवातीला मान कोणत्या बाजूला वळली हे जरूर लिहावे; सुरुवात फोकल असल्याची ती खूण असू शकते. मायोक्लोनिक झटका क्षणिक दचक्यासारखा असतो. एटॉनिकमध्ये स्नायू एकदम सैल पडून रुग्ण कोसळतो.

भ्रामक (झटक्यासारख्या दिसणाऱ्या) स्थिती : भोवळ येऊन पडल्यावरही थोडे झटके दिसतात, पण चेहरा पांढरा पडतो व शुद्ध लवकर येते. डोळे घट्ट मिटलेले असणे व जोर कमीजास्त होत राहणे ही मानसिक-कार्यात्मक (मेंदूतील अतिरिक्त विद्युत्-क्रियेशिवाय येणाऱ्या) झटक्यांकडे बोट दाखवते. मात्र एकाच खुणेवर निर्णय करू नये.

परिचर्या : प्रथम घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे. दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. रक्तशर्करा लगेच तपासावी. हात हलत असताना पल्स ऑक्सिमीटरचा आकडा फसवा असतो, म्हणून ओठांचा रंगही पाहावा. टॉनिक-क्लोनिक झटका ५ मिनिटांपुढे गेला तर तो स्टेटस एपिलेप्टिकस (आपोआप न थांबणारा, तातडीच्या उपचाराचा झटका) मानून लेखी आदेशानुसार बेंझोडायझेपिन (झटका थांबवणारे औषध) द्यावे. ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा संभवते. झटके बारीक होत गेले तरी शुद्ध आली नाही, तर ‘झटका थांबला’ असे नोंदवू नये. आतील विद्युत्-क्रिया चालू असू शकते व ती ईईजीतच (मेंदूच्या विद्युत्-आलेखातच) दिसते. नोंदीत ‘फिट आली’ हा शेरा अपुरा; ‘१०.४२ : मान उजवीकडे, उजवा हात ताठ, हाकेला ओ नाही’ असे लिहावे.

नवजात : थरथर हात धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही.