पू नाही म्हणजे जखम चांगली? गॅस गँगरीन आणि फऱ्याची भानगड

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या पानठेल्यावर एकाने पाय दाखवला. वखराची पास लागलेली, दोन दिवस झालेले, वर हळद आणि चुलीतली राख दाबलेली आणि पाय घोट्यापर्यंत टम्म. चार जणांनी वाकून पाहिलं आणि एका बुढ्याने निकाल देऊन टाकला, "पू नाही न बाप्पा, मंग काहून घाबरू राह्यला?" त्याचा पाय पुढे बरा झाला, साधी सूज होती. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना, कारण असा एक आजार आहे ज्यात पू नसणं हीच वाईट खूण असते. त्याचं नाव गॅस गँगरीन.

आधी एक घोळ मिटवू. शुगरवाल्या माणसाचा अंगठा हळूहळू काळा पडतो, त्यालाही लोक गँगरीनच म्हणतात, पण ती गोष्ट आठवड्या-महिन्यांची. गॅस गँगरीन तासांत चालतं. बहुतेक वेळा कारण असतो क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू. अमेरिकेत विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटाल यांनी १८९२ साली त्याचं वर्णन छापलं, त्यांना एका मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत चक्क बुडबुडे सापडले होते. हा जिवाणू मातीत असतो, शेणात असतो, तुमच्या-माझ्या आतड्यातही असतो आणि तिथे गुमान राहतो. याला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून वाईट दिवसात बीजाणू करून म्हणजे कडक कवचात स्वतःला बंद करून पडून राहतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या शेणखत घातलेल्या शेतांतच खंदक खणले होते, त्या चिखलात जखमी झालेल्या सैनिकांमधे हा आजार भरपूर दिसला. आपलं वावर काय वेगळं आहे?

वरवर खरचटलं तर काही होत नाही, तिथे रक्त आणि हवा दोन्ही पोचतात. पण पाय चेंगरला, मांस ठेचलं, आत माती किंवा कापडाची चिंधी राहिली की रक्त न पोचणारा एक कोपरा तयार होतो. तिथे बीजाणू उघडतो आणि अनुकूल परिस्थितीत दर दहा मिनिटांच्या आसपास एकाचे दोन होतात. हिशोब करा, चार तासात एकाचे १ कोटी ६७ लाख.

आता माझा आवडता भाग, थोडं डोकं लावावं लागेल. या जिवाणूचं मुख्य हत्यार म्हणजे अल्फा टॉक्सिन नावाचं विष. १९३९ साली नॅगलर नावाच्या संशोधकाने दाखवलं की हे विष माणसाच्या सीरममधे, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, मिसळलं की ते दुधी होतं. पुढे हीच खूण अंड्यावर वापरली गेली: पिवळा बलक घातलेल्या प्लेटवर हा जिवाणू वाढवला की त्याच्याभोवती दुधी ढग तयार होतो, आणि अर्ध्या प्लेटवर विषाचा उतारा फासून ठेवला तर त्या अर्ध्या भागात ढग येत नाही. बलकात लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो आणि हे टॉक्सिन तो तोडतं, १९४१ मधे ते नक्की झालं. जिवाणूचं विष म्हणजे एखादं एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारं-जोडणारं प्रोटीन, असू शकतं हे पहिल्यांदा इथेच कळलं. आणि लेसिथिन फक्त अंड्यात नसतं, आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात असतं, म्हणजे जे बलकाचं होतं तेच मांसाचं.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. टॉक्सिन थोडं असलं तर पेशी फुटत नाही, तिला खोटा निरोप जातो. लेसिथिन तुटून जो एक तुकडा उरतो, डायअसिलग्लिसरॉल, तो पेशीच्या आत एरवीही निरोप्याचं काम करतो. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिला वाटतं कुठेतरी रक्त वाहतंय, चला गुठळी करा. तिच्या अंगावरचे फायब्रिनोजेन (रक्तातलं गुठळी बांधणारं प्रोटीन) धरणारे हुक उघडतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, पांढऱ्या पेशींनाही ओढून घेतात आणि या गठ्ठ्यांनी बारीक रक्तवाहिन्या बुजतात. म्हणजे जखमेकडे निघालेले शिपाई रस्त्यातच अडकले, वर त्यांच्याच जॅममुळे रक्त थांबलं, रक्त थांबलं म्हणून ऑक्सिजन संपला, आणि ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणूला आणखी मोकळं रान! पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्या पोचल्याच नाहीत तर पू कुठून येणार? जखमेतून येतं ते पातळ, मळकट लालसर पाणी.

म्हणून डॉक्टर काय बघतात तर वेदना. जखम दिसते बोटभर आणि माणूस ओरडतो हाड मोडल्यासारखा. ताप थोडाच पण नाडी धावते, कातडी आधी पांढुरकी मग तांब्याच्या रंगाची, वर रक्ताळलेले फोड, आणि दाबलं तर आत चरचर, कारण जिवाणू साखर आंबवून वायू सोडतो. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवली तर तासा-दोन तासात सूज रेघ ओलांडते. जखमेतलं पाणी काचपट्टीवर रंगवून बघितलं की जाडजूड काड्यांसारखे जिवाणू भरपूर आणि पांढऱ्या पेशी जवळपास नाहीत. एक्सरेत मांसात हवा दिसते, पण नुसती हवा दिसली म्हणून शिक्का मारता येत नाही, शुगरवाल्यांमधे दुसरेही जिवाणू वायू करतात, आणि कोणी जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड दाबून ओतलं असेल तर त्याचेही बुडबुडे दिसतात.

उपचार म्हणजे पहिला चाकू. मेलेलं मांस काढायचं, कापल्यावर रक्त येईपर्यंत आणि मांस आकसेपर्यंत, कधी पायच काढावा लागतो. कारण उघड आहे, रक्त जात नाही तिथे रक्तातून औषध तरी कसं जाणार? सोबत पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन. पेनिसिलिन जिवाणू मारतं, पण क्लिंडामायसिन त्याचा प्रोटीन बनवायचा कारखाना बंद करतं आणि टॉक्सिन हे प्रोटीनच आहे. दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या खोलीची हल्ली जाहिरात जोरात असते. ती जोडीला असली तर असू द्या, पण तिच्यासाठी ऑपरेशन थांबवणं म्हणजे घर पेटल्यावर पंखा शोधणं. आणि "टीटी घेतलं न" हे तर विसराच, टीटी धनुर्वातासाठी आहे. तो जिवाणू याचा चुलतभाऊ, पण लस फक्त त्याचीच.

आता जनावरं. क्लोस्ट्रिडियम शोव्हिआय हा याच खानदानातला, त्याच्यामुळे फऱ्या होतो, काही भागात एकटांग्या म्हणतात. इथे जखम लागतच नाही! बीजाणू चाऱ्यासोबत पोटात जातात, तिथून मांसात जाऊन झोपून राहतात आणि मुका मार लागला की जागे होतात. सहा महिने ते दोन वर्षांची, चांगली खाती-पिती वासरं, आणि दिवस बहुधा पावसाळ्याचे. शेजाऱ्याचा दीड वर्षाचा गोऱ्हा, गोठ्यातला सगळ्यात भरलेला, सकाळी मागचा पाय ओढत होता, पुठ्ठा सुजला होता, हात फिरवला तर वाळक्या पानांवरून फिरवल्यासारखा आवाज. सूज आधी गरम आणि दुखरी असते, मग थंड पडते, आणि थंड पडली की लोक म्हणतात उतरली. उतरत नाही, तिथलं मांस मेलेलं असतं. घरच्यांनी विळा तापवून डाग दिला. डागाने आणखी मांस जळतं, म्हणजे जिवाणूला आणखी एक खोली तयार करून मिळते. पेनिसिलिन लवकर आणि भरपूर दिलं तर एखादं वाचतं, हा दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

असं मेलेलं जनावर उघडायचं नाही. एक तर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, आणि फऱ्या असला तरी उघडलं की बीजाणू वावरभर होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. खोल खड्डा, वर चुना, आणि तिथे चराई बंद. जनावरांच्या घटसर्पाची आणि फऱ्याची एकत्र लस पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्यात मिळते. गोऱ्ह्याला लस आहे, मालकाला गॅस गँगरीनची नाही. शेजाऱ्याने यंदा मे महिन्यात तिन्ही वासरं टोचून आणली आणि गोऱ्हा पुरला त्या जागेभोवती बोरीच्या काट्या टाकल्या. पहिल्या पावसानंतर तिथलं गवत सगळ्यात हिरवं आलंय, आणि गावातली पोरं रोज विचारतात, तिथे काहून चारत नाही?