चपलेत नसलेला खडा

काजूच्या दिवसांतली गोष्ट. मावशीचं घर वेंगुर्ल्याजवळ, मागे कातळावर वेंगुर्ला-७ ची कलमं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत बिया वेचायला जायचं हा ठरलेला कार्यक्रम. मी मदतीला म्हणून गेलेलो (खरं तर न्याहारीच्या घावन्यांसाठी), तर बघतो काय, मावशी दर दहा-पंधरा मिनिटांनी गडग्यावर टेकतेय, उजव्या पायातली चप्पल काढतेय, झाडतेय, चवडा चोळतेय आणि परत चालायला लागतेय. "रे, चपलेत खडो गेलोहा, काढ बघूया." मी चप्पल उलटीपालटी करून बघितली, काटा नाही, खडा नाही, तळ एकदम साफ. दहा पावलं गेली की परत, "ह्या बघ, टोचता."

हा 'नसलेला खडा' म्हणजे या आजाराची जवळजवळ सहीच आहे. जगभरातले पेशंट वेगवेगळ्या भाषांत हेच सांगतात, खडा आहे, मोजा गोळा झालाय, तिसऱ्या-चौथ्या बोटात आग होतेय, मधेच करंट मारल्यासारखं होतं, आणि पादत्राण काढून चोळलं की बरं वाटतं. नाव आहे मॉर्टन्स न्यूरोमा. मी नाव सांगितलं तर मावशी म्हणाली, "माका काय झालाहा ता सांग, नाव नको सांगू." बरोबर आहे तिचं, कारण हे नाव दोन्हीकडून चुकीचं आहे.

पहिलं म्हणजे मॉर्टन. फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस जॉर्ज मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, पण त्यांचा संशय होता चौथ्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर. त्यांच्या आधी १८४५ मध्ये लंडनचे ड्युरलाकर, जे राजघराण्याच्या पायांची काळजी घ्यायचे, त्यांनी हे नसेचं दुखणं म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्याही आधी १८३५ मध्ये चिविनिनी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने नसेवरचा फुगवटा प्रत्यक्ष बघितला होता. नाव मात्र तिसऱ्याला मिळालं, असो. दुसरं म्हणजे न्यूरोमा. हा शब्द ऐकला की लोकांना ट्यूमर आठवतो आणि घरात रडारड सुरू होते. इथे ट्यूमर वगैरे काही नाही, कॅन्सर तर नाहीच नाही. नसेभोवती चिवट तंतूंचे थर साठून ती जाड होते, एवढंच. सुतळीवर चिकटपट्टीचे वेढे देत राहिलात तर सुतळी वाढत नाही पण हाताला गाठ लागते, तसं.

आणि 'नस' या शब्दाने आपल्याकडे जेवढा घोळ घातलाय तेवढा कुठल्याच आजाराने घातला नसेल. पोटरीत गोळा आला की नस चढली, पायावर निळ्या शिरा दिसल्या की नस फुगली, मान आखडली की नस धरली. यातली एक स्नायू, एक रक्तवाहिनी आणि तिसरी अजून भलतंच काही. मी या लेखात नस म्हणतोय ती नर्व्ह, मज्जातंतू, म्हणजे मेंदूकडे बातमी नेणारी वायर. तिला तेल लावून 'उतरवता' येत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली उपचारांपर्यंत उडी मारावी.

पायाच्या पुढच्या भागात पाच लांबट हाडं असतात, मेटाटार्सल म्हणतात त्यांना, आणि त्यांची गोल डोकी म्हणजे आपला चवडा. ही डोकी एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एक घट्ट आडवा पट्टा असतो. बोटांकडे जाणाऱ्या नसा या पट्ट्याच्या खालून, म्हणजे तळव्याच्या बाजूने जातात आणि पुढे गेल्यावर दोन फांद्या फुटून शेजारशेजारच्या दोन बोटांना मिळतात. आता टाच उचला आणि चवड्यावर या. बोटं वर वाकली, त्याबरोबर नस पुढे ओढली गेली आणि पट्ट्याच्या कडेवर ताणली गेली, वरून पट्टा, खालून जमीन, दोन्ही बाजूंना हाडांची डोकी. विहिरीच्या काठावर दोर घासतो तसं. दिवसातून हजारो वेळा. हा झाला पुस्तकी सिद्धांत, पण यात एक मेख आहे. काही शवविच्छेदनांत जाड झालेला भाग पट्ट्याच्या खाली न सापडता त्याच्या पुढे, हाडांच्या डोक्यांच्या आसपास सापडलाय, म्हणून काही जण म्हणतात की खरा गुन्हेगार पट्टा नाही, दोन हाडांची चिमट आहे. भांडण अजून मिटलेलं नाही आणि मला व्यक्तिशः वाटतं दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत.

तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्येच जास्त का? (दुसऱ्या-तिसऱ्यातही होतं, बाकी ठिकाणी क्वचित.) एक कारण असं देतात की तळव्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने येणाऱ्या दोन नसांच्या फांद्या बऱ्याच लोकांत इथेच जोडल्या जातात, त्यामुळे इथली नस मुळातच जाड आणि दोन्हीकडून बांधलेली, बाजूला सरकायला जागा कमी.

पण दाब पडला म्हणून आग का व्हावी? आणि बोटात का, दाब तर चवड्यावर आहे ना! इथे खरी मजा आहे. नसेतल्या मोठ्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, सलग नाही, मधे मधे फटी ठेवून. या फटींना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात आणि सोडियमचे कण आत सोडणारी दारं मुख्यतः तिथेच असतात, त्यामुळे विद्युतसंदेश एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो आणि भराभर पोचतो. सतत दाबाने आधी नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दबतात, नस सुजते, सूज लवकर उतरत नाही, मग तिच्याभोवती ते चिवट तंतू साठतात आणि मायलिनचं वेष्टण उसवायला लागतं. उसवलेल्या जागी पेशी नवी सोडियमची दारं बसवते, जिथे ती असायला नकोत तिथे, आणि मग पेशीच्या आत-बाहेर विजेचा जो उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासचा फरक सांभाळायचा असतो तो जरा धक्का लागला तरी ढासळतो आणि कुणी काही केलं नसताना नस आपणहून फायर करते. मेंदूला हे कळायला मार्ग नाही. त्याच्या वहीत या वायरचा पत्ता 'तिसरं-चौथं बोट' असाच लिहिलाय, मग सिग्नल बोटातून निघो की चवड्यातून, बिल बोटाच्याच नावावर फाडलं जातं. रस्त्यात कुणी तार हलवली तरी घंटा घरातच वाजणार. मावशीचा खडा चपलेत नव्हताच, तो या मधल्या उसवलेल्या जागेत तयार होत होता.

गुगलवर बघाल तर हा हाय हील्सचा आजार, टोकदार बूट घालणाऱ्या बायकांचा. बायकांत जास्त दिसतो हे खरं आहे आणि टोकदार बूट हे मोठं कारण आहे हेही खरं. पण मावशी आणि हाय हील? मग मी दोन गोष्टी बघितल्या. एक, दारामागे तिचे पावसाळी शूज होते, प्लॅस्टिकचे, पुढून निमुळते, बेलीच्या आकाराचे, बाजारात स्वस्त मिळाले म्हणून एक नंबर लहान घेतलेले, आणि अख्खा पावसाळा भर त्यात काढलेला. दुसरी गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटली. ती बिया वेचते ती टाचा उचलून उकिडवी बसून, सगळं वजन चवड्यावर, बोटं पूर्ण वर वाकलेली, आणि तशीच पुढे सरकत सरकत. म्हणजे टाच नसलेल्या चपलेत बसून हाय हीलची पोझिशन! विळीवर मासे कापतानाही तेच. कोकणातल्या बायांवर असा कुणी अभ्यास केलाय असा दावा मी करत नाही, पण यांत्रिकी तीच आहे.

शेजारच्या काकूंचं निदान वेगळं होतं. मावशीने तिठ्यावरचा उतारा ओलांडला. त्यावर मी एवढंच विचारलं की उताऱ्याची बाधा चप्पल काढली की दोन मिनिटांत उतरते का, आणि निमुळते शूज घातले की परत येते का? काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. शहरातले लोक हसतील, पण त्यांचे उतारे महाग असतात इतकाच फरक. चुंबकाचे इनसोल विकतात ना, त्याची टाचदुखीवर रीतसर चाचणी झाली होती अमेरिकेत, २००३ मध्ये निकाल छापून आला, खरं चुंबक आणि खोटं चुंबक, फरक शून्य. आणि ती टोचऱ्या पुळ्यांची अ‍ॅक्युप्रेशर चप्पल तर या आजारात घालूच नका, दुखऱ्या नसेला खालून ठोसे मारायचं यंत्र आहे ते.

मावशीला आधी एका ठिकाणी थेट एमआरआय सांगितला होता, कुठे ते जाऊ दे. आम्ही नंतर ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आधी चप्पल मागितली, मग शूज मागितले, मग पाच मिनिटं नुसतं विचारलं. मग एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली जागा वरखाली दाबली. टक्! मावशी टेबलावरून उठलीच. याला मुल्डरची खूण म्हणतात, १९५१ पासून चालत आलीय, जाड नस हाडांच्या मधून निसटते तो टक् आवाज. नुसता टक् चांगल्या पायातही होऊ शकतो, त्याच्यासोबत तेच ओळखीचं दुखणं उठलं पाहिजे. एक्स-रेत नस दिसत नाही, तो काढला हाडाला बारीक चीर नाही ना हे बघायला. सोनोग्राफीत गाठ दिसते आणि ती एमआरआयपेक्षा बरीच स्वस्त. एमआरआयची अडचण अशी की काही एक त्रास नसलेल्या माणसांच्या पायातही अशी जाड नस दिसते, म्हणजे रिपोर्टमध्ये गाठ आहे म्हणून दुखणं तिचंच असं होत नाही.

डॉक्टरांनी शुगरही तपासली. दोन्ही पायांची आग होत असेल, मोज्यासारखी बोटांपासून वर चढत असेल तर तो मधुमेह असायची शक्यता जास्त. आणि त्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूची नसही चाचपली, ते का हे मी बाहेर आल्यावर विचारलं. कुष्ठरोगातही नसा जाड होतात, घोट्यामागची ही त्यातली एक नेहमीची, पण तिथे कारण जंतू असतो आणि गाडी दुखण्यापेक्षा बधिरपणाकडे जाते. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, लाजून घरी बसू नये.

उपचारात पहिला नंबर शूज फेकण्याचा. रुंद पुढा, कमी टाच, जरा जाड मऊ तळ. दुसरं पॅड, आणि इथे बहुतेक जण चुकतात. मावशीनेही दुखतं तिथेच खाली पॅड चिकटवलं आणि दुखणं दुप्पट झालं. पॅड लावायचं दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला, म्हणजे हाडं मागून उचलली जातात, डोकी किंचित फाकतात आणि नसेला जागा होते. नेमकी जागा शोधायला दुखऱ्या बिंदूवर रंग लावून चपलेवर पाय ठेवायचा आणि उठलेल्या ठिपक्याच्या मागे पॅड चिकटवायचं. मी कुंकू आणलं तर मावशी भडकली, "कुंकू चपलेक लावतत काय रे?" शेवटी बरणीतलं कोकमाचं आगळ बोटाने लावलं. चपलेवर झकास लालभडक ठिपका उठला, त्याच्या बोटभर मागे पॅड. बिया वेचायला आता पाट घेते बसायला, टाचा खाली.

एवढ्याने नाही भागलं तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. २०१३ मध्ये छापून आलेल्या स्कॉटलंडच्या चाचणीत १३१ जणांपैकी काहींना स्टेरॉइड आणि भूल, काहींना नुसती भूल दिली होती, तीन महिन्यांनी स्टेरॉइडवाल्यांचे पाय दुसऱ्यांपेक्षा बरे होते. पण ते परत परत घ्यायचं नसतं, तळव्याची चरबीची गादी पातळ होते, त्वचेचा रंग जातो, आणि शुगर असलेल्यांची शुगर काही दिवस उसळते. शेवटचा उपाय ऑपरेशन, पट्टा कापून जागा करायची किंवा नसेचा तेवढा तुकडाच काढायचा. तुकडा काढला की दोन बोटांच्या मधली संवेदना कायमची जाते, बहुतेकांना ते चालतं. गंमत अशी की कापलेलं टोक गप्प बसत नाही, नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढायला बघतात, पुढे वाट नसली की तिथेच गुंताळा करतात, आणि तो मात्र खराखुरा न्यूरोमा असतो. खोट्या न्यूरोम्याच्या ऑपरेशनातून खरा! सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना परत तेच दुखणं.

मावशीवर इंजेक्शनची वेळ आली नाही. अजून लांब चालली की टोचतं, देवळात अनवाणी प्रदक्षिणा घातल्या की संध्याकाळी चोळत बसते, पण गडग्यावर टेकणं बंद झालंय. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा उतारावाल्या काकू रिकामी बाटली घेऊन ओटीवर बसलेल्या. त्यांचाही पाय दुखायला लागलाय आणि त्यांनी मावशीच्या चपलेवरचा ठिपका बघितलाय. त्यांना अर्धी बाटली आगळ हवं होतं, पायाला लावायला.