इंदुरातली शिकवणारी कुंडी

गणेशोत्सवात आमच्या वसाहतीत गेली काही वर्षं कुंड्यांचं प्रदर्शन भरतं. एकेक कुंडी एकेका विषयाची: फोडणीची, पत्रींची, कापसाची. पाहायला येणाऱ्या बऱ्याच जणांना हे गच्चीवरच्या बागांच्या हौसेतून आलेलं नवं खूळ वाटतं. पण इंदुरात या कल्पनेची पाळंमुळं शंभर वर्षं मागे जातात, आणि त्यातल्या दोन गोष्टी तरी प्रत्येक इंदूरकराला ठाऊक असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट तुळशीची. प्लेगने शहर पोळलेलं होतं, तेव्हा होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस यांना नगररचनेसाठी बोलावलं. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. स्कॉटलंडमध्ये डंडीला १८८८ पासून शिकवत होते. एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत पडीक जागा साफ करून त्यांनी मुलांसाठी बागा उभ्या केल्या होत्या. असा माणूस नुसते नकाशे काढून थांबणार नव्हता. त्यांनी दरबाराकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढली. तिचा मार्ग ठरला तो ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरं झाडून-पुसून, डागडुजी करून तयार होतील त्यांवरून. मग काय, घरोघर कामाला हात लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. शेवटी त्यांचं दहन झालं. सफाई कामगार नव्या कपड्यांत, सन्मानाने चालले. आणि लोकांना वाटली गेली ती लहान लहान कुंड्यांतली तुळशीची रोपं.

मला या तपशिलाचं फार अप्रूप आहे. व्याख्यान नाही, पत्रक नाही; हातात कुंडी. नीटनेटक्या घराची खूण म्हणून तुळशीकडे पाहायची गेडीस यांची दृष्टी होती. जिच्या दारात तुळस आहे ती बाई अंगण झाडते, सडा घालते, हे त्यांनी आपल्याकडे पाहून ओळखलं. एरवी घरात असणारं वृंदावन त्यांनी त्या दिवशी रस्त्यावर आणलं आणि त्याच्याकडून आरोग्याचा धडा द्यायला लावला.

दुसरी गोष्ट मातीची. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही शेतातली काळी माती आणून कुंड्यांत दाबून भरली. माळव्याची माती, सोन्यासारखी, मग शंका कसली? एप्रिलमध्ये ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली, मुळं कोरडीच. पावसाळ्यात तीच माती फुगून गच्च झाली, पाणी साचलं आणि निम्मी रोपं कुजली. शेतात या मातीला पसरायला जागा असते, ती भेगाळते आणि पुन्हा मिटते. कुंडीत तिला खत आणि वाळू घालून मोकळं करावं लागतं.

आणि खताबाबत इंदूरचं नाव जगभर आहे. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, कापसाच्या संशोधनासाठी. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख थरांनी रचून, ठरावीक दिवसांनी परतून, तीन महिन्यांत खत तयार करायची रीत बसवली. भारतीय शेतकऱ्यांना त्यांनी आपले गुरू मानलं होतं. ही रीत आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. ती मांडणारं पुस्तक १९३१ साली आलं. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने त्याच संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचं नाव आहे. इंदुरात कंपोस्टबद्दल बोलताना वाडांचं नाव क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते. आज ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या शहराला तर ते पाठ असायला हवं.

विषयवार मांडणी मात्र इंदूरची नाही. इटलीत पादुआला १५४५ पासून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून बाग आहे. आपल्याकडे एकवीस पत्रींची यादी हेच काम घरबसल्या करते. आघाडा, माका, दूर्वा, धोत्रा, डोरली: भाद्रपदात रस्त्याकडेला उगवणारं सगळं तिच्यात आहे. याद्यांत थोडा फरक असतो, आणि सगळी पत्री कुंडीत लावायचा अट्टहास करू नये. देवदार हिमालयाचा, त्याला आपला उन्हाळा झेपत नाही. अर्जुन मोठा वृक्ष. त्यांची पानं नि चित्रं ठेवून भागवावं.

आमची सर्वांत बोलकी कुंडी कापसाची. मालवा मिल या जुन्या कापडगिरणीचं नाव नुसता पत्ता म्हणून ऐकत वाढलेल्या मुलांनी कापसाचं झाड पाहिलेलं नसतं. अठरा इंच खोल कुंडीत जूनमध्ये अमेरिकन कापसाचं बी टोचलं, तर गणपतीत फुलं येतात. पहिल्या दिवशी फूल फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी. गेल्या वर्षी एक दुसरीतली मुलगी आजीचा हात धरून आली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, “आजी, काल इथे वेगळं फूल होतं ना गं?” आजीने तिला देठावरची गाठ दाखवली, कालच्याच फुलाला आम्ही बांधलेला दोरा. मुलगी बराच वेळ दोऱ्याकडे आणि फुलाकडे आळीपाळीने पाहत राहिली.

यंदा प्रवेशाशी तुळशीची कुंडी ठेवली आहे, तिच्या पाटीवर गेडीस यांच्या मिरवणुकीची चार ओळींची हकीकत. शेजारी काचेच्या बरणीत इंदूर पद्धतीचं खत, झाकण सैल ठेवलेलं, म्हणजे मुलांना वास घेता येईल. त्या पाटीवर हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत.